बॅसेट हाउंडला कुठलं घर द्यावं?

एखाद्या बॅसेट हाउंडला मालकाने सोडून दिलं, तो रेस्क्यू संस्थेच्या ताब्यात आला, उपचार झाले, नसबंदी झाली आणि त्याला नवं घर देण्याची वेळ आली, की संस्थेपुढे अनेकदा एकाहून जास्त अर्ज असतात. एका अर्जात मोठा दुमजली बंगला, मागे हिरवळ, नवरा-बायको दोघांना उत्तम नोकऱ्या. दुसऱ्यात निवृत्त जोडपं आणि तळमजल्यावरची भाड्याची जागा. तिसऱ्यात तीन मुलं, एक मांजर आणि आधीपासूनचं एक म्हातारं कुत्रं. यातलं चांगलं घर कुठलं, असं सगळेच विचारतात, आणि मला वाटतं गाडी तिथेच रुळावरून घसरते. सर्व कुत्र्यांसाठी चांगलं असं घर कुठेच नसतं. कुत्र्याच्या काही गरजा अशा असतात की त्या कोणालाच बदलता येत नाहीत. घरातल्याही काही गोष्टी अशाच असतात. या दोन्ही एकमेकींच्या आड येत नसतील तर ते घर योग्य. येत असतील तर तिथली माणसं कितीही सज्जन, सधन आणि प्राणिप्रेमी असोत, ते घर त्या कुत्र्यासाठी नाही. उरलेलं बहुतेक सगळं, म्हणजे माहिती, अनुभव, सवयी, सामानसुमान, शिकवता येतं किंवा विकत आणता येतं. त्यावरून कोणाला नकार देणं अन्यायाचं आहे. हा निकष साधा वाटतो, पण तो प्रामाणिकपणे लावला तर अर्जांतले बरेच प्रश्न गळून पडतील, आणि आज क्वचितच विचारले जाणारे काही प्रश्न सर्वांत वर येतील.

बॅसेटचं उदाहरण घेण्याचं कारण असं की या कुत्र्याची प्रसिद्धी आणि या कुत्र्याचं शरीर यांची फारशी ओळख नाही. लोंबते कान, सैल कातडी, ओले उदास डोळे आणि आखूड पायांवरची डुलत डुलत चाल, एवढंच लोकांच्या डोळ्यांपुढे असतं. १९२८ साली ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर बॅसेटचं पिल्लू आलं. १९५६ मध्ये स्टीव्ह ॲलनच्या टीव्ही कार्यक्रमात एल्विस प्रेस्लीने हॅट घातलेल्या एका बॅसेटसमोर उभं राहून गाणं म्हटलं. हश पपीज हा बुटांचा छाप १९५८ चा. आपल्याकडे बाटाच्या दुकानांत ते बूट मिळतात, आणि बॅसेट कधी न पाहिलेल्या अनेक मराठी माणसांना त्याचा चेहरा तेवढ्यावरून ओळखीचा असतो. सत्तरच्या दशकात ‘कोलंबो’ मालिकेतल्या गबाळ्या डिटेक्टिव्हबरोबर जो सुस्त कुत्रा दिसायचा तोही बॅसेटच. या सगळ्यांतून एक समज पक्का होत गेला, की हा शांत, आळशी, सोफ्यावर पडून राहणारा आणि काही न मागणारा प्राणी आहे. रेस्क्यूमध्ये आलेल्या बॅसेटांच्या मागे अनेकदा हाच समज असतो. सोडून देताना लोक सांगतात ती कारणं साधारण ठरलेली आहेत: हेल काढून ओरडतो, शेजारी तक्रार करतात, अंगाला आणि कानांना वास येतो, घरात शू करणं थांबत नाही, कुंपणातून निसटून जातो, पाठीच्या ऑपरेशनचा खर्च झेपत नाही. मालकाचा मृत्यू, घटस्फोट, नवी जागा ही कारणंही असतात. पण ही शेवटची तीन वगळली तर बाकी जवळजवळ सगळं त्या कुत्र्याच्या बांध्यात आणि वंशात आधीपासून लिहिलेलं होतं. घर देताना ते कोणी वाचलं नव्हतं.

ते वाचायचं तर या कुत्र्याचं मूळ काम पाहायला हवं. बॅसेट घडला फ्रान्समध्ये, पायी शिकार करणाऱ्यांसाठी. सशाच्या मागावर जमिनीलगत नाक ठेवून जाणारा, आणि माणूस चालत गाठू शकेल इतक्याच वेगाचा कुत्रा त्यांना हवा होता. तो एकटा काम करत नसे. टोळीने माग काढत असे, आणि झुडपांत दिसेनासा झाला तरी कुठे आहे ते कळावं म्हणून खणखणीत, लांबलचक आवाज देत असे. १८६६ साली लॉर्ड गॅलवे यांनी फ्रान्समधून एक जोडी इंग्लंडला नेली. १८७४ मध्ये चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांचे चिरंजीव एव्हरेट मिले यांनी मॉडेल नावाचा नर आणला, आणि पुढे ब्लडहाउंडशी संकर करून आजच्या वजनदार बॅसेटचा पाया घातला. पुढे शिकार मागे पडली, प्रदर्शनं आली, दिवाणखाना आला. शरीर मात्र त्या कामाचंच राहिलं. आखूड पायांचं कारण २००९ साली ‘सायन्स’ नियतकालिकातल्या संशोधनाने दाखवलं: एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत. २०१७ मध्ये आणखी एका गुणसूत्रावर तशीच दुसरी प्रत सापडली आणि ती मणक्यांतल्या गाद्या लहान वयात कडक होऊन सरकण्याशी जोडली गेली. बॅसेटमध्ये या दोन्ही प्रती आढळतात. म्हणजे ज्या ठेंगण्या चालीवर लोक भाळतात, तिच्या बरोबरीनेच पाठीचा धोकाही येतो.

आता हे शरीर एका घरात ठेवून पाहू. बॅसेटची उंची खांद्यापाशी जेमतेम ३५ ते ३८ सेंटिमीटर, पण वजन वीस ते तीस किलो. दिसतो लहान, आहे मोठा. जिना उतरताना या वजनाचा बराचसा भार पुढच्या आखूड, किंचित वाकड्या पायांवर येतो आणि लांब पाठीला प्रत्येक पायरीला हिसका बसतो. एकदा गादी सरकली की मागचे पाय लुळे पडू शकतात, आणि मग कित्येक आठवडे त्याला उचलूनच न्यावं लागतं. उचलण्याचीही रीत आहे. एक हात पुढच्या पायांमागून छातीखाली, दुसरा मागच्या मांड्यांखाली, आणि पाठ जमिनीला समांतर. काखेत धरून वर ओढलं तर नेमका मणक्यालाच ताण बसतो. पंचवीस किलोचा कुत्रा असा दिवसातून चार-पाच वेळा उचलणं हे सत्तरीच्या माणसाला किंवा स्वतःची कंबर धरलेल्या चाळिशीतल्या माणसालाही शक्य नसतं. म्हणून अर्जदाराला विचारण्याचा पहिला खरा प्रश्न हा, की बाहेर जायला किती पायऱ्या आहेत आणि कुत्र्याला चालता येईनासं झालं तर त्याला कोण उचलेल. बंगल्याचं क्षेत्रफळ त्यानंतर, किंवा कधीच नाही. दुमजली घरात झोपायच्या खोल्या वर असतील आणि कुत्र्याने रात्री माणसांजवळ झोपावं अशी इच्छा असेल, तर तो जिना रोज चढला-उतरला जाणार हे गृहीत धरावं. तीन-चार पायऱ्या असतील तर उतरण करून घेता येते. चौदा पायऱ्यांचा जिना बदलता येत नाही. फार तर जाळीचं दार लावून माणसांनी खाली झोपायचं ठरवता येतं, आणि ते ठरवायची कोणाची तयारी आहे का हे विचारता येतं.

कानांचंही तसंच. बॅसेटचा कान डोळ्यांच्या रेषेखाली सुरू होतो आणि नाकाच्या टोकापर्यंत पोचेल इतका लांब असतो. त्याच्या आत हवा खेळत नाही. ओल राहते, यीस्ट वाढतं, आणि काही दिवसांत आंबूस वास सुटतो. दर आठवड्याला कान उलटा करून, औषधी द्रावण सोडून, बुडाशी हलकेच चोळून, कापसाने मळ पुसून घ्यावा लागतो. पाणी पिताना कानांची टोकं भांड्यात बुडतात म्हणून अरुंद तोंडाचं उभट भांडं ठेवावं लागतं. चिखलातून फिरून आल्यावर कानांच्या कडा धुवाव्या लागतात. हे दहा मिनिटांचं काम आहे, पण बारा वर्षं करायचं आहे. ज्या कुत्र्याचे कान आधीच दुखत आहेत तो हात लावू देत नाही आणि गुरगुरतो. असा बॅसेट लहान मुलांच्या घरात गेला आणि कोणी कौतुकाने त्याचे कान ओढले, तर पुढे काय होईल ते वेगळं सांगायला नको. तिथे तोच कुत्रा ‘मुलांना चालत नाही’ म्हणून परत येतो, आणि त्याच्या नावापुढे कायमचा शेरा बसतो. खरं तर मुलं आणि कुत्रा या दोघांचाही दोष नव्हता. कान बरे व्हायच्या आधी ती जोडी जमवायला नको होती.

पण या सगळ्याहून महत्त्वाचा प्रश्न घड्याळाचा आहे. टोळीत राहणारा कुत्रा एकटेपण सोसत नाही, आणि बॅसेटला ते असह्य झालं की तो मैलभर ऐकू जाण्यासाठी घडवलेला आवाज काढतो. सकाळी आठला बाहेर पडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्या जोडप्याच्या फ्लॅटमध्ये हा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला दहा तास ऐकू येतो. मालकाला तो कधीच ऐकू येत नाही. त्याला फक्त तक्रारीचं पत्र मिळतं. बॅसेटची छाती खोल असल्यामुळे पोटाला पीळ पडण्याचा धोकाही असतो. पोट फुगतं, कुत्रा ओकण्याचा प्रयत्न करतो पण काही पडत नाही, आणि काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर तो दगावतो. दिवसभर घरात कोणी नसेल तर ही लक्षणं पाहणार कोण? अर्जात कामाचे तास विचारतात, हे खरं. पण त्या उत्तराला कुंपणाइतकं किंवा स्वतःच्या मालकीच्या घराइतकं वजन दिलं जात नाही, आणि मला ते उलटं वाटतं. घरून काम करणारा भाडेकरू, किंवा आधीचं एक शांत कुत्रं असलेलं घर, हे रिकाम्या प्रशस्त बंगल्याहून बॅसेटसाठी शतपटीने बरं. काही संस्था एकमेकांना बिलगलेले दोन बॅसेट वेगळे करत नाहीत, दोघांना एकाच घरी देतात. त्यांना घर मिळायला वेळ लागतो, तरीही हा आग्रह मला योग्य वाटतो. एकाचा आधार दुसऱ्याला आहे, आणि तो आधार काढून घेतला तर कुठलाच प्रशिक्षक त्याची भरपाई करू शकत नाही.

कुंपणाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बहुतेक भांडणं त्यावरूनच होतात. नियमामागचं कारण खरं आहे. बॅसेटचं नाक ब्लडहाउंडच्या खालोखाल मानलं जातं, आणि वास लागला की तो हाक ऐकत नाही. दोरीशिवाय सोडलेला बॅसेट रस्त्यावर गाडीखाली येण्याची शक्यता चांगलीच आहे. जमिनीत तार पुरून गळपट्ट्यातून सौम्य झटका देणारी ‘अदृश्य कुंपणं’ अनेक संस्था मान्य करत नाहीत, कारण वासाच्या नादात कुत्रा झटका सोसून पलीकडे जातो आणि मग त्याच झटक्याच्या भीतीने परत येत नाही. इथवर सगळं पटतं. पण या कारणातून निघतो तो निष्कर्ष एवढाच, की या कुत्र्याला दोरीशिवाय उघड्यावर सोडू नये. ‘कुंपण नसेल तर अर्ज नको’ हा निष्कर्ष त्यातून निघत नाही. दिवसातून चार वेळा हार्नेस आणि दोरी लावून फिरवणाऱ्या माणसाकडे कुंपण नसेल तर काय बिघडतं? उलट कुंपण असलेल्या घरात कुत्र्याला मागच्या अंगणात सोडून दार लावून घेण्याचा मोह असतो, आणि मग एकटेपण, ओरडणं, कुंपणाखाली खणणं हे सगळं सुरू होतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया-फ्लोरिडात तर अनेकदा अंगणातच पोहण्याचा तलाव असतो. पुढून जड आणि पायांनी आखूड असा बॅसेट नीट पोहू शकत नाही, तो बुडतो. तिथे बाहेरच्या कुंपणापेक्षा तलावाभोवतीचं कुंपण महत्त्वाचं. नियम ठेवायचाच तर त्याच्या कारणासकट ठेवावा, म्हणजे कारण दुसऱ्या मार्गाने भागत असेल तर नियम सोडता येतो.

इथे एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आक्षेप असा, की घर शोधण्यात इतकी काटेकोर जुळवाजुळव करणं ही चैन आहे. अमेरिकेत एएसपीसीए या संस्थेच्या २०१९ च्या अंदाजानुसार शेल्टरमध्ये वर्षाला सुमारे ३ लाख ९० हजार कुत्र्यांना मारलं जात होतं. संस्थेची एक जागा अडून राहिली की शेल्टरमधला एक कुत्रा बाहेर निघत नाही. शिवाय लांबलचक अर्ज, घरभेट, पशुवैद्याचा दाखला, ओळखीच्या तिघांचे फोन नंबर यांना कंटाळून चांगली माणसं पिल्लं विकणाऱ्याकडे जातात, म्हणजे रेस्क्यूच्याच कडकपणामुळे बाजार चालतो. २००७ साली हा वाद साऱ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिला. टीव्ही सूत्रसंचालिका एलेन डीजेनरेस यांनी एका संस्थेकडून इगी नावाचा लहान कुत्रा दत्तक घेतला होता. घरातल्या मांजरांशी त्याचं जमेना म्हणून त्यांनी तो आपल्या केशरचनाकारांच्या कुटुंबाला दिला. करारानुसार कुत्रा संस्थेकडे परत द्यायला हवा होता. संस्थेने तो त्या कुटुंबाकडून काढून घेतला. त्या घरातल्या मुली ११ आणि १२ वर्षांच्या होत्या आणि संस्थेचा नियम १४ वर्षांखालची मुलं नकोत असा होता. एलेन आपल्या कार्यक्रमात रडल्या, आणि संस्थेवर टीकेचा पाऊस पडला.

या आक्षेपातला मोठा भाग मला मान्य आहे. अर्जदाराकडे संशयाने पाहणारी संस्था, भाडेकरूची जात-पात आणि खाणंपिणं चौकशीत काढणाऱ्या घरमालकासारखी वागते आणि घराशी ज्याचा संबंध नाही तेच विचारत बसते. पैशाने किंवा शुल्काने माया मोजता येत नाही, हेही दिसलेलं आहे: २००९ साली मांजरं दत्तक घेणाऱ्यांवर झालेल्या एका अभ्यासात शुल्क भरून नेणारे आणि फुकट नेणारे यांच्या लळ्यात फरक आढळला नाही. पण ‘दार उघडं ठेवा’ या म्हणण्यातून ‘जुळणी नको’ असं निघत नाही. माझा निकष दार उघडं ठेवण्याच्याच बाजूचा आहे, कारण तो नकाराची कारणं अगदी थोडी ठेवतो. इगीच्या प्रकरणात वय १४ हा आकडा नियम म्हणून पुढे आला. त्या दोन मुली त्या कुत्र्याशी कशा वागत होत्या, हा प्रश्न मागे पडला. संस्थेचा परत मागण्याचा हक्क मात्र मी चुकीचा मानत नाही. कुत्रा कोणाच्या घरी गेला हे संस्थेला कळायलाच हवं. तिने त्या घरी जाऊन, बसून, बोलून नवा करार करून घ्यायला हवा होता, इतकंच. जागा अडून राहण्याचं उत्तरही जुळणीतच आहे. चुकीच्या घरी गेलेला बॅसेट दोन महिन्यांनी दुखऱ्या पाठीने आणि बिघडलेल्या सवयींनी परत येतो, तेव्हा तो पहिल्यापेक्षा जास्त दिवस जागा अडवतो.

दुसरा आक्षेप विज्ञानाकडून येतो आणि तो मला अधिक विचार करायला लावणारा वाटतो. २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या मोठ्या अभ्यासाने अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांची उत्तरं आणि त्यांतल्या अनेक कुत्र्यांचे जनुक तपासून सांगितलं, की एखाद्या कुत्र्याच्या वागण्यातला सुमारे ९ टक्केच फरक जातीवरून समजतो. मग ‘बॅसेट असा असतो’ म्हणून घर ठरवणं हा जातिवादच नाही का? स्वभावाबद्दल बोलत असू तर हो. एखादा बॅसेट भित्रा असतो, एखादा मांजराशी खेळतो, एखादा एकटा निवांत झोपतो. पण त्याची पाठ, कान, छाती आणि वजन या गोष्टी स्वभावात मोडत नाहीत, त्या जातीबरोबर येतात, आणि त्यांना लागणारं घरही त्यांच्याबरोबर ठरतं. म्हणून शरीराच्या गरजा जातीवरून धरायच्या आणि स्वभाव त्या एका कुत्र्याला पाहूनच ठरवायचा. मी वर एकटेपणाबद्दल जे लिहिलं तेही गृहीत धरण्याऐवजी तपासून घ्यावं.

तपासायचं कुठे, हा खरा अडचणीचा भाग आहे. शेल्टरच्या पिंजऱ्यात, भुंकण्याच्या गोंगाटात, कुत्र्यापुढे प्लास्टिकचा हात किंवा अनोळखी माणूस आणून ज्या स्वभावचाचण्या केल्या जातात, त्यांच्या भाकितावर विसंबता येत नाही. २०१६ च्या एका चिकित्सक लेखात पॅट्रोनेक आणि ब्रॅडली यांनी अशी चाचणी नाणं उडवण्याहून फारशी बरी नाही असं आकडेमोड करून मांडलं. याउलट पाच शेल्टरांतल्या दोनशेहून जास्त कुत्र्यांवर झालेल्या २०१९ च्या अभ्यासात, एक-दोन रात्री कोणाच्या तरी घरी नेलेल्या कुत्र्यांच्या लघवीतलं ताणाचं संप्रेरक त्या काळापुरतं उतरलेलं दिसलं आणि ते जास्त वेळ विसावले. कुत्रा खरा कसा आहे ते घरातच दिसतं. बॅसेट रेस्क्यू संस्थांचं याबाबतीत कौतुक केलं पाहिजे, कारण त्यांतल्या अनेकांकडे स्वतःचं शेल्टर नसतं, कुत्री स्वयंसेवकांच्या घरीच राहतात. तो स्वयंसेवक सांगू शकतो की हा कुत्रा व्हॅक्यूम क्लीनरला घाबरतो, जेवताना दुसरं कुत्रं जवळ आलं तर दात दाखवतो, रात्री दोनला एकदा बाहेर न्यावं लागतं, आणि दाराची घंटा वाजली की वीस मिनिटं थांबत नाही. ही माहिती अर्जातल्या चाळीस प्रश्नांहून मोलाची आहे, आणि ती अर्जदाराला खरीखुरी, काहीही न लपवता सांगायला हवी. घर लवकर मिळावं म्हणून ‘थोडासा बोलका आहे’ असं लिहिणं ही त्या कुत्र्याशी केलेली प्रतारणा आहे.

काही जण आणखी मुळाशी जातात. ज्या जातीचा देहच माणसाच्या हौसेने बिघडवला, तिच्यासाठी खास संस्था कशाला चालवायच्या, असं ते विचारतात. बिघाड खरा आहे. २००८ मध्ये बीबीसीच्या ‘पेडिग्री डॉग्ज एक्स्पोज्ड’ या माहितीपटानंतर ब्रिटनच्या केनेल क्लबला जातींचे निकष बदलावे लागले, आणि २०१२ च्या क्रफ्ट्स श्वान प्रदर्शनात जातीत पहिल्या आलेल्या बॅसेटला पशुवैद्यकीय तपासणीत नापास ठरवण्यात आलं. पण हा आक्षेप पैदाशीवर आहे, जन्मलेल्या कुत्र्यावर नाही. नसबंदी करून दिलेला सहा वर्षांचा बॅसेट या बिघाडात भर घालत नाही. उलट त्याला घरी नेणाऱ्या माणसाला दर आठवड्याला ते कान, ती पाठ, ते खाली ओघळलेले डोळे दिसतात, आणि ‘किती गोड पिल्लू’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तो खरी किंमत सांगू शकतो. न्यू जर्सीतल्या ओशन सिटीच्या डू-डा परेडमध्ये ट्राय-स्टेट बॅसेट हाउंड रेस्क्यूचे लोक एप्रिल महिन्यात शेकडो बॅसेट घेऊन समुद्रकाठच्या लाकडी रस्त्यावरून चालतात. ते पाहून बॅसेट हवासा वाटणाऱ्यांना तिथल्या तिथे हे सगळं कानावर घातलं जावं, अशी माझी अपेक्षा आहे.

त्याच न्यू जर्सीत, एडिसनच्या आसपास मराठी घरं मोठ्या संख्येने आहेत, आणि त्यांतली काही आता दत्तक कुत्र्यासाठी अर्ज करतात. त्यांच्या बाबतीत निकष नीट लावला तर संस्थेला काही नव्या गोष्टी विचाराव्या लागतील, आणि त्या अपमान न वाटता विचारता येतील. डिसेंबरमध्ये पाच आठवडे भारतात जाता तेव्हा कुत्रा कुठे राहील? आई-बाबा सहा महिने राहायला येतात, त्यांना कुत्र्याची भीती किंवा विटाळ वाटतो का, की दिवसभर घरात असल्याने तेच त्याची सर्वांत चांगली सोबत ठरतील? व्हिसाचं काही बिनसलं आणि परत जावं लागलं तर? शेवटच्या प्रश्नावर उत्तर आहे: कुत्रा भारतात नेता येतो, त्यासाठी मायक्रोचिप, रेबीजची लस आणि प्राणी विलगीकरण विभागाचं ना-हरकत पत्र लागतं. पण मुंबई-पुण्याच्या पावसाळी दमट हवेत बॅसेटचे कान आणि कातडीच्या घड्या कोरड्या ठेवणं हे वेगळंच काम आहे, आणि गुळगुळीत फरशीवर आखूड पाय घसरत असताना पाठ जपायची तर घरभर सतरंज्या किंवा रबरी पट्ट्या घालाव्या लागतात. सोसायटीची अडचण तुलनेने कमी. भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. कुत्रा सोडून देण्याबद्दलचा कायदा मात्र लाजिरवाणा आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. एवढ्या दंडाने कोणी थबकत नाही, म्हणून आपल्याकडच्या संस्थांना तर करार आणि परतीची तरतूद याचाच आधार आहे.

परतीबद्दलच शेवटी बोलायचं आहे. अमेरिकन ह्युमेन या प्राणिकल्याण संस्थेने २०१३ मध्ये तीन शहरांतल्या शेल्टरमधून दत्तक गेलेल्या प्राण्यांचा मागोवा घेतला, तेव्हा सहा महिन्यांनंतर दहातला साधारण एक प्राणी त्या घरात राहिलेला नव्हता. एवढी काळजी घेऊनही काही जुळण्या फसणार हे धरूनच चालावं लागेल. माणसांना परत करताना लाज वाटते, आणि लाजेपोटी ती कुत्रा ओळखीच्या कोणाला तरी देऊन टाकतात किंवा गावाबाहेर सोडतात. म्हणून परत आणणाऱ्याला संस्थेने दोष देऊ नये. काय जमलं नाही ते बारकाईने विचारावं, कारण पुढचं घर त्या उत्तरावरून ठरणार आहे. पहिल्या आठवड्यात, महिन्याने आणि तीन महिन्यांनी संस्थेने आपणहून फोन करावा. कान तपासले का, रात्री झोपतो का, जिना चढतो का, शेजारी काही बोलले का, हे विचारावं. दहा वर्षांच्या, सांधे धरलेल्या बॅसेटसाठी तर संस्थेने औषधांचा खर्च स्वतःकडे ठेवून घर शोधावं, कारण त्या वयाच्या कुत्र्यासाठी तळमजल्यावरच्या निवृत्त जोडप्याचं घर अनेकदा सर्वांत जुळणारं असतं आणि पैसे हीच तिथली मुख्य अडचण असते. वर सांगितलेल्या तीन अर्जांतला दुसरा अर्ज पुष्कळ संस्था आज भाड्याच्या जागेमुळे बाजूला ठेवतील. मी तो पहिला उघडेन आणि विचारेन, की कुत्रा उचलायची वेळ आली तर मदतीला कोण येईल. शेजारचा एखादा तरुण किंवा जवळ राहणारी मुलगी येईल असं उत्तर मिळालं, तर घरमालकाची लेखी परवानगी मागून पुढच्या कामाला लागेन.